भिंतीवरचं सिएना, पायाखालचं सिएना

सिएनाला नदी नाही. फ्लोरेन्सला आर्नो आहे, रोमला टायबर आहे. सिएना मात्र तीन डोंगरधारांवर चढून बसलेलं, आणि शतकानुशतकं पाण्यासाठी झुरलेलं. मध्ययुगात इथल्या लोकांनी डोंगरांच्या पोटात बोगदे खणले, खडकातून झिरपणारं पाणी थेंब थेंब गोळा केलं आणि अगदी हलक्या उताराने ते शहरातल्या पाणवठ्यांपर्यंत आणलं. या बोगद्यांना ‘बोत्तिनी’ म्हणतात. सगळे मिळून सुमारे २५ किलोमीटर भरतात. जमिनीखालून डायना नावाची नदी वाहते अशी सिएनाकरांची समजूत होती आणि तिच्या शोधात त्यांनी बराच पैसा ओतला. फ्लोरेन्सच्या दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यावरून त्यांची टर उडवली आहे. शेजारगावाची खोडी काढायची संधी महाकवीही सोडत नाहीत.

कलेबद्दल लिहायला बसून मी पाण्यापासून सुरुवात करते आहे, कारण या शहरात चित्र, शिल्प आणि इमारत यांना पाण्यापासून, चढ-उतारापासून, बाजारापासून वेगळं काढताच येत नाही. फ्लोरेन्समध्ये उफ्फित्सी संग्रहालयाच्या दालनांतून फिरताना मला नेहमी वाटतं, की आपण एकेका थोर माणसाला त्याच्या घरी न भेटता स्टेशनच्या प्रतीक्षालयात भेटतो आहोत. सिएनात ती माणसं बरीचशी अजून आपापल्या घरी आहेत. फ्लोरेन्सहून बसने सव्वा-दीड तासाचा प्रवास. बहुतेक सहली इथे दुपारपुरत्या येतात, चौकात फोटो काढतात, कथीड्रल पाहतात आणि परत फिरतात. तसं करू नये. रात्री राहावं. संध्याकाळी सहली गेल्या की गल्ल्या पुन्हा गावकऱ्यांच्या होतात आणि मग शहराची घडण कळू लागते.

माझ्याबरोबर माझी भाची होती. ती पुण्यात आर्किटेक्चर शिकते. मी पलाझ्झो पुब्लिकोतली भित्तिचित्रं बघायला उतावीळ झाले होते, तर तिने मला बाहेरच थांबवलं. “मावशी, चित्र नंतर. आधी चौक. आधी चालून तर बघ!” आणि ती वही काढून पावलं मोजायला लागली.

आधी चौक, म्हणजे पियाझ्झा देल काम्पो. तिन्ही डोंगरधारा जिथे एकत्र येतात तिथल्या खोलगट जागेत तो आहे. आजूबाजूच्या गल्ल्या अरुंद आणि सावलीच्या. त्यांच्यातून छोट्या कमानींखालून पायऱ्या उतरत आपण अचानक उजेडात येतो. चौक सपाट नाही. सुपासारखा तो एका बाजूला रुंद पसरलेला आहे आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत खाली उतरतो. उताराच्या तळाशी पलाझ्झो पुब्लिको, म्हणजे नगरसभेची इमारत. लाल विटांची फरसबंदी १३४९ मध्ये पूर्ण झाली. पांढऱ्या दगडाच्या आठ पट्ट्यांनी तिचे नऊ भाग पाडले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर नऊ जणांच्या मंडळाची सत्ता होती, त्या नऊंची ही खूण मानतात. पट्ट्या खाली एकत्र येतात तिथे पावसाचं पाणी वाहून नेणारी मोरी आहे. बाजाराची जागा, सभेची जागा आणि पाण्याचा निचरा, तिन्ही कामं एकाच उताराने साधली आहेत. लोक त्या उतारावर चक्क आडवे होतात आणि नाटकाच्या प्रेक्षकांसारखे नगरसभेकडे बघत बसतात.

चौकाभोवतीच्या घरांत एक सारखेपणा जाणवतो. तो आपोआप आलेला नाही. १२९७ मध्ये, नगरसभेच्या इमारतीचं काम सुरू होण्याच्या सुमारास, शहराने नियम केला, की काम्पोवर उघडणाऱ्या खिडक्यांना मधोमध बारीक खांब असलेच पाहिजेत आणि पुढे आलेले सज्जे चालणार नाहीत. म्हणजे खाजगी मालकाने आपल्या घराची खिडकी सरकारी इमारतीच्या खिडकीशी जुळती करायची. पुढे १३४० मध्ये सान्सेदोनी घराण्याने चौकाच्या वळणावरचा आपला वाडा वाढवायला घेतला, तेव्हाचा करारनामा आजही आहे आणि त्यावर दर्शनी भागाचं रेखाटनही आहे. भाची हे ऐकून खूश झाली. सातशे वर्षांपूर्वीचं एलिव्हेशन! मला मात्र त्या नियमामागची सत्तेची हौसही दिसत होती. उमरावांनी एकमेकांवर कुरघोडी करणारे उंच बुरूज बांधण्याच्या त्या काळात, नऊ व्यापाऱ्यांचं मंडळ त्यांना सांगतंय, की इथे खिडकी आम्ही ठरवू.

उताराच्या वरच्या टोकाला फोन्ते गाया हा कारंजा-हौद आहे. बोत्तिनींचं पाणी १३४० च्या दशकात इथवर पोचलं, तेव्हा शहराने उत्सव केला. त्याच सुमारास घराचा पाया खणताना व्हीनसचा एक प्राचीन पुतळा सापडला आणि तो मोठ्या कौतुकाने इथे बसवला गेला, अशी हकिकत फ्लोरेन्सचा शिल्पकार गिबेर्ती याने लिहून ठेवली आहे. त्याने पुतळा पाहिलाच नव्हता. सिएनाचा चित्रकार आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने केलेलं त्याचं रेखाटन तेवढं पाहिलं होतं. कारण पुतळा टिकला नाही. प्लेग आला, लढाया हरल्या, आणि या नागव्या मूर्तीमुळेच आपल्यावर संकटं येतात असं लोकांना वाटू लागलं. १३५७ मध्ये ती उतरवली गेली. गिबेर्ती म्हणतो, तिचे तुकडे करून ते फ्लोरेन्सच्या हद्दीत पुरले, म्हणजे अवदसा तिकडे जाईल. नंतर, पंधराव्या शतकाच्या आरंभी, याकोपो देल्ला क्वेर्चाने या हौदासाठी संगमरवरी शिल्पं केली. आता चौकात दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृती. झिजलेली मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्कालामध्ये आहेत.

याच पाण्याची दुसरी बाजू बघायची असेल तर काम्पो सोडून उतार उतरत फोन्तेब्रांदाला जावं. तीन मोठ्या कमानींचं, विटांचं, किल्ल्यासारखं दणकट बांधकाम आहे ते, तेराव्या शतकातलं. पहिल्या हौदातलं पाणी पिण्यासाठी, त्यातून ओसंडलेलं जनावरांसाठी, त्याहून उरलेलं धुण्यासाठी. त्याच्या खालच्या अंगाला रंगारी आणि चर्मकार यांची कामं चालत. संत कॅथरीन १३४७ मध्ये याच वस्तीत एका रंगाऱ्याच्या घरी जन्मली. इथे शिल्प नावापुरतं, पण वास्तू म्हणून फोन्तेब्रांदा मला फोन्ते गायापेक्षा मोठी वाटते.

मग पलाझ्झो पुब्लिको. वरच्या मजल्यावर नगरपरिषदेचं मोठं दालन आहे. त्याच्या एका भिंतीवर सिमोने मार्तिनीने १३१५ मध्ये सिंहासनावरची मेरी रंगवली, रेशमी छताखाली, संतांच्या दरबारात. खाली लिहिलेल्या ओळींत ती बजावते, की दुबळ्यांना छळणाऱ्या बलदंडांना माझं संरक्षण नाही. चर्चमध्ये ही ओळ भाविकांसाठी ठरली असती. इथे ती समोर बसून ठराव करणाऱ्या सभासदांसाठी आहे. समोरच्या भिंतीवर मोठ्या वर्तुळांचे ओरखडे दिसतात. लोरेन्झेत्तीने केलेला एक फिरता गोल नकाशा तिथे होता. नकाशा गेला, घासल्याच्या खुणा राहिल्या.

शेजारचं दालन नऊ जणांचं. आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८–३९ मध्ये इथे तीन भिंती रंगवल्या: एकीवर सुराज्याचं रूपक, दुसरीवर सुराज्यातलं शहर आणि शिवार, तिसरीवर कुराज्य. त्या काळी एवढ्या मोठ्या भिंतीवर धर्मकथेऐवजी राज्यकारभार रंगवणं ही धाडसाची गोष्ट होती. नऊ जणांची मुदत दोन महिन्यांची असे आणि तेवढा काळ त्यांना याच इमारतीत राहावं लागे. परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. म्हणजे ज्यांच्यावर शहर सांभाळायची जबाबदारी, त्यांनाच शहर दिसत नाही. ते भिंतीवर बघायचं. हे ध्यानात आल्यावर चित्राचा सूर बदलतो. मला ते आता सजावट वाटत नाही, कामाच्या टेबलासमोर टांगलेली ताकीद वाटते.

रूपकाच्या भिंतीवर न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेली दोरी एकोप्याच्या देवतेच्या हाती येते. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखलपणा तासून काढण्यासाठी. तिथून चोवीस नागरिक ती दोरी हातोहात नेतात आणि काळ्या-पांढऱ्या वस्त्रांतल्या भव्य म्हाताऱ्याकडे, म्हणजे प्रत्यक्ष नगराकडे, पोचवतात. काळा-पांढरा हे सिएनाचे रंग. थोड्याच वेळापूर्वी आम्ही ते पलाझ्झोच्या खिडक्यांवरच्या ढालींवर पाहिले होते.

खरी गंमत उजव्या भिंतीवर. तिथे शहर आहे, आणि ते ‘एक आदर्श शहर’ नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात सिएनाच्याच कथीड्रलचा घुमट आणि पट्ट्यापट्ट्यांचा मनोरा डोकावतो. खांब असलेल्या खिडक्या, गुलाबी विटा, एकमेकांत घुसलेली घरं. गवंडी पहाडावर उभे राहून घराचं काम करताहेत. चांभार दुकानात बसलाय, एक शिक्षक वर्ग घेतोय, ओझ्याची खेचरं वळणावर अडली आहेत. मधोमध हातात हात धरून नर्तक फेर धरतात. ते स्त्रिया की तरुण, यावर अभ्यासकांत वाद आहे. चित्रातला उजेड आणि आकारमान दोन्ही या नर्तकांपासून दूर जाताना कमी होत जातात, असंही काहींनी दाखवून दिलं आहे. उजेड खिडकीतून येत नाही, शहरातूनच बाहेर पडतो.

वेशीबाहेर शिवार सुरू होतं. नांगरणी, मळणी, बहिरी ससाणा घेऊन निघालेले शिकारी, आणि काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेलं डुक्कर शहराकडे हाकत नेणारा शेतकरी. त्या जातीची डुकरं या भागात आजही पाळतात. वर हवेत सुरक्षितता तरंगते आहे; एका हातात आश्वासनाचा फलक, दुसऱ्या हातात फाशीचा खांब आणि त्यावर लटकलेला माणूस. शांतता कशाच्या जोरावर टिकते हे चित्रकाराने लपवलेलं नाही. समोरच्या, बऱ्याच पोपडे उडालेल्या भिंतीवर शिंगं असलेला जुलूम राज्य करतोय. तिथल्या ओसाड शहरात एकच कारागीर कामात दिसतो, तो शस्त्रं घडवणारा.

या दालनाला खिडकी एकच, दक्षिणेकडची. भाचीने तिच्यातून वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. खिडकीबाहेर शहर जवळजवळ संपतं. खाली भाज्यांचे मळे, पलीकडे टेकड्या. या इमारतीचं तोंड गजबजलेल्या चौकाकडे आणि पाठ शेतांकडे. वरच्या मजल्यावर दक्षिणेकडे उघडणारी एक ऐसपैस ओसरी आहे, तिथून हे आणखी स्पष्ट कळतं. भित्तिचित्रात शहर डावीकडे, शिवार उजवीकडे आणि मध्ये वेस. इमारतीतही तोच क्रम आहे. पुस्तकातल्या छापील चित्रावरून हे मला कधीही कळलं नसतं.

मात्र चित्रावर भाबडा विश्वास ठेवू नये. नऊ जणांचं मंडळ म्हणजे श्रीमंत व्यापारी आणि सावकारांचा कंपू होता. उमरावांना त्यात जागा नव्हती, गोरगरिबांना तर नव्हतीच. १३४८ च्या प्लेगने शहराचा फार मोठा हिस्सा गिळला. आंब्रोज्यो आणि त्याचा भाऊ पिएत्रो हेही बहुधा त्यातच गेले. १३५५ मध्ये नऊंची सत्ता उलथली. चित्र राहिलं. १४२७ मध्ये संत बेर्नार्दीनो बाहेर काम्पोत प्रवचन देत असताना याच भिंतींचा दाखला देत होता, त्यातली शांतता आठवा म्हणून. म्हणजे तोवर आतलं चित्र चौकातल्या माणसाच्या ओळखीचं झालं होतं.

चित्रकार दुच्चोची ‘माएस्ता’ समजून घ्यायला मात्र पायपीट करावी लागते. १३०८ मध्ये कथीड्रलने आपल्या मुख्य वेदीसाठी हे भलंमोठं फळीचित्र सांगितलं. पुढून संतांच्या मेळ्यातली मेरी, मागून ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग. पुढची बाजू भक्तांसाठी, मागची मुख्यतः धर्मगुरूंसाठी. ९ जून १३११ रोजी ते दुच्चोच्या कर्मशाळेतून कथीड्रलमध्ये नेलं गेलं. दुकानं बंद, घंटा, कर्णे, हातात मेणबत्त्या, पुढे बिशप, मग नऊ जण, मागे बाया-मुलं. कर्मशाळा स्तालोरेज्जी वेशीकडे होती. तिथून थेट कथीड्रल गाठायला दहा मिनिटं पुरतात. मिरवणूक मात्र थेट गेली नाही. काम्पोला वळसा घालून गेली. आम्हीही आधी थेट वाटेने गेलो, मग लांबच्या. लांबच्या वाटेला उतार आहे, पुन्हा चढ आहे. एवढी जड, सोन्याने मढवलेली फळी त्या चढावरून खांद्यांवर नेणं म्हणजे काय, हे पोटऱ्यांना कळतं. चौकात, नगरसभेसमोरून तिला फिरवलं नसतं तर ती फक्त कथीड्रलची राहिली असती. फिरवली, म्हणून ती शहराची झाली.

पुढे तिचे हाल झाले. १५०६ मध्ये ती मुख्य वेदीवरून हटली, १७७१ मध्ये करवतीने पुढची आणि मागची बाजू वेगळी केली. काही छोटी चित्रं लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, माद्रिद अशी जगभर पांगली. मुख्य भाग कथीड्रलच्या संग्रहालयात, अंधाऱ्या खोलीत, समोरासमोरच्या भिंतींवर लावला आहे. चित्र सुरक्षित आहे, उत्तम दिसतं, पण त्याला प्रदक्षिणा घालता येत नाही.

त्याच संग्रहालयात जोव्हान्नी पिसानोचे प्रेषित आणि ज्ञानी पुरुष उभे आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ते कथीड्रलच्या दर्शनी भिंतीसाठी घडवले. त्यांच्या माना विचित्र पुढे आलेल्या, जणू कुणी हाक मारली म्हणून झटकन वाकलेल्या. नजरेच्या उंचीवर हे विद्रूप वाटतं. बाहेर येऊन दर्शनी भिंतीवरच्या प्रतिकृतींकडे मान वर करून बघितलं की उलगडा होतो. मान सरळ ठेवली असती तर खालून फक्त छाती आणि हनुवटी दिसली असती. या मूर्ती घडवताना शिल्पकाराने चौकात उभ्या माणसाची उंची धरली आहे.

आणि हे संग्रहालय तरी कुठे आहे? एका फसलेल्या कथीड्रलमध्ये. १३३९ मध्ये सिएनाने ठरवलं, की आहे ते कथीड्रल हा नव्या कथीड्रलचा आडवा हात करायचा आणि त्याच्या दक्षिणेला अजस्र नवा मंडप उभारायचा. फ्लोरेन्सशी बरोबरी! काम थोडं झालं, मग प्लेग आला, बांधकामातही दोष निघाले, आणि १३५७ मध्ये नाद सोडून दिला. उरल्या त्या आभाळाखाली उभ्या कमानी आणि एक प्रचंड रिकामी दर्शनी भिंत. कमानींमधली जागा बंद करून तिथे संग्रहालय झालं. मंडपाच्या जागेवर आता लोक चालतात. या भिंतीच्या माथ्यावर चढता येतं. पलाझ्झो पुब्लिकोच्या मनोऱ्यापेक्षा मला इथून शहर जास्त आवडलं.

कथीड्रलच्या आतल्या गोष्टी, निकोला पिसानोचं प्रवचनपीठ, पिन्तुरिक्कियोने रंगवलेलं ग्रंथालय, यांवर पुस्तकं भरून लिहिलेलं आहे. संगमरवरी जडावाची जमीन बहुतेक काळ झाकलेली असते. पूर्ण उघडी बघायची तर उन्हाळ्याअखेरीस जावं. मी समोरच्या सांता मारिया देल्ला स्कालाकडे वळते. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं हे रुग्णालय मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत चालू होतं. यात्रेकरूंच्या दालनात दोमेनिको दी बार्तोलोने १४४० च्या दशकात रुग्णालयाचीच कामं रंगवली: जखमीचा पाय धुणं, अन्नदान, टाकून दिलेल्या मुलींचं शिक्षण आणि लग्न. एका चित्रात रुग्णाच्या शुश्रूषेच्या शेजारी कुत्रा-मांजराची जुंपली आहे. या भिंतींखाली अगदी अलीकडेपर्यंत खाटा होत्या, रोगी होते. काल्पनिक शहरांवर पुस्तक लिहिणारा इतालो काल्व्हिनो १९८५ मध्ये याच रुग्णालयात वारला.

सिएना ‘जसंच्या तसं मध्ययुगीन’ आहे, असं माहितीपुस्तिका सांगतात. ते खरं नाही. पलाझ्झो पुब्लिकोच्या बाजूच्या अंगांवर १६८० मध्ये मजला चढला. सालिम्बेनी चौकातला गॉथिक थाट बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातल्या वास्तुविशारद ज्युसेप्पे पार्तिनीच्या हातचा आहे. शहर वाढलं नाही हे मात्र खरं. १५५५ मध्ये ते शरण गेलं आणि पुढे फ्लोरेन्सच्या मेदिचींच्या ताब्यात आलं. पैसा आटला, म्हणून जुनं पाडायची ऐपत उरली नाही. आणि १९६० च्या दशकात जुन्या शहरातून मोटारी हद्दपार करण्यात सिएना इटलीत आघाडीवर होतं, म्हणून आज आपल्याला काम्पोत निवांत लोळता येतं.

एक गोष्ट मात्र प्रवाशांच्या हातून हमखास निसटते. शहराच्या करखात्याच्या, म्हणजे बिक्केर्नाच्या, हिशेबवह्यांना रंगवलेल्या लाकडी पाट्यांची वेष्टनं असत. सर्वांत जुनी १२५८ ची. पिकोलोमिनी वाड्यातल्या अभिलेखागारात ती बघायला मिळतात. १४६७ च्या पाटीवर भूकंपाला भ्यालेले सिएनाकर वेशीबाहेर तंबू ठोकून राहिले आहेत आणि वर मेरी शहराला सांभाळते आहे. जमाखर्चाच्या वहीवर! चित्रकार चांगले लावायचे या कामाला.

ही सवय मेलेली नाही. शहरात सतरा कोंत्रादे, म्हणजे पेठा. प्रत्येकीचं निशाण, देऊळ, पाणवठा वेगळा. २ जुलैला आणि १६ ऑगस्टला काम्पोत माती पसरून घोड्यांची शर्यत होते. सतरापैकी दहाच पेठा धावतात, कारण त्या वळणांवर जास्त घोडे मावत नाहीत. बक्षीस म्हणजे रंगवलेला रेशमी ध्वज, दर शर्यतीला नव्या चित्रकाराकडून करवून घेतलेला. रेनातो गुत्तूसोनेही एक रंगवला आहे. ध्वज लोकांसमोर आला की खानावळीतला वाढपीसुद्धा त्यावर मत देतो, आणि ते सहसा चांगलं नसतं. जिंकलेला ध्वज पेठेच्या स्वतःच्या संग्रहालयात जातो. ही संग्रहालयं रोज उघडी नसतात. आधी पत्र टाकून वेळ ठरवली, तर पेठेतलाच कुणीतरी किल्ली घेऊन येतो आणि हरलेल्या शर्यतींबद्दलही तासभर बोलतो.